उजवीकडून ‘एक नो ट्रम्प’ आलं आणि हातात सतरा पॉइंट

पानं उचलली, लावली, मोजली. सतरा पॉइंट. आता डाव आपणच उघडणार म्हणून बोट बिडिंग बॉक्सकडे निघालेलं, तेवढ्यात उजवीकडचा शांतपणे ‘एक नो ट्रम्प’चं, म्हणजे हुकुमाशिवाय सात हात करण्याच्या बोलीचं, कार्ड टेबलावर ठेवतो. भुसावळ-जळगावकडे आमच्या ब्रिजच्या टेबलांवर अशा वेळी दोन प्रकारचे खेळाडू दिसतात. एक, सतरा पॉइंट फुकट कसे घालवायचे म्हणून लगेच डबल (‘हे होणार नाही’ म्हणत गुण वाढवणारा पुकारा) ठोकणारे. दुसरे, पाच पानांचा रंग दिसला की दोनची बोली लावून मोकळे होणारे. दोघांचंही कधी जमतं, कधी अंगाशी येतं. जोरदार पानांवर डबल कधी द्यायचा, बोली कधी लावायची आणि गप्प कधी बसायचं, याची एक रीत आहे. ती पायरी-पायरीने मांडतो. पॉइंट मोजता येतात (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १), स्टेमन आणि ट्रान्सफर (नो ट्रम्पवर भिडूच्या ठरलेल्या अर्थाच्या बोल्या) ऐकून माहीत आहेत, एवढी तयारी मी गृहीत धरली आहे.

पहिली पायरी: किती ते किती?

एक नो ट्रम्प म्हणजे किती पॉइंट, हे विचारल्याशिवाय कार्डाला हात लावू नका. आपल्याकडे बहुतेक जोड्या १५-१७ खेळतात. पण १२-१४ चं ‘वीक’ नो ट्रम्प खेळणारेही भेटतात, आणि १०-१२ वर उघडणारे खट्याळही असतात. भुसावळला रेल्वेच्या बदल्यांमुळे देशाच्या चारी कोपऱ्यांतली माणसं टेबलावर येतात आणि आपापली पद्धत सोबत घेऊन येतात, त्यामुळे इथे नुसत्या अंदाजावर भागत नाही.

विचारायचं कसं, तेही महत्त्वाचं. आमच्यात एक निवृत्त गार्डकाका आहेत. पानं चार पॉइंटची असोत की वीसची, उजवीकडून नो ट्रम्प आलं की चष्मा कपाळावर चढवून, त्याच आवाजात, ‘किती ते किती, भाऊ?’ एवढंच विचारतात. उत्तर ऐकतात, दोन-तीन सेकंद थांबतात आणि कार्ड ठेवतात. डबल असो वा पास, वेळ तेवढाच. हे मुद्दाम शिकण्यासारखं आहे. फक्त जोरदार पानं असतानाच विचारलंत, किंवा खूप वेळ घेऊन मग पास दिलात, तर तुमच्या भिडूला नको ती माहिती मिळते. मग त्याने त्या माहितीवर काही केलं तर टूर्नामेंट डायरेक्टरला बोलावलं जातं आणि निकाल तुमच्या विरुद्ध जाऊ शकतो.

दुसरी पायरी: चाळीसातून वजा करा

एका डावात एकूण ४० पॉइंट. तुमच्याकडे १७. उघडणाऱ्याकडे १५-१७, म्हणजे सरासरी १६ धरा. झाले ३३. उरलेले सात पॉइंट तुमचा भिडू आणि डावीकडचा यांच्यात वाटले जाणार. भिडूच्या वाट्याला साडेतीन. एखादा राजा, फार तर एखादी राणी आणि गुलाम. म्हणजे गेम (मोठा बोनस देणारी बोली) जवळजवळ नाहीच, आणि भिडूकडून मदतही नावापुरतीच.

आता तेच १७ पॉइंट १२-१४ समोर ठेवा. १३ आणि १७ मिळून ३०, उरले दहा, भिडूकडे सरासरी पाच. त्याच्याकडे आठ निघाले तर तुमचा गेम होतो. वीक नो ट्रम्पवर गप्प बसलात तर तुमचा गेम ते चोरून नेतात. स्ट्राँग नो ट्रम्पवर गप्प बसलात तर बहुतेक वेळा काहीच बिघडत नाही. म्हणून माझा नियम सरळ आहे. १२-१४ वर १५ किंवा जास्त पॉइंट असतील तर डबल, फारसा विचार न करता. १५-१७ वर डबलसाठी नुसते पॉइंट पुरेसे नाहीत.

तिसरी पायरी: पॉइंट नाही, हात मोजा

नो ट्रम्पमध्ये एक पाडायला तुम्हाला सात हात लागतात. उजवीकडच्याने नो ट्रम्प म्हटलं आहे, म्हणजे उतारी तुमची. ही फार मोठी गोष्ट आहे. तीन नमुने पाहा.

पहिला. इस्पिक: एक्का १० ४. बदाम: राजा राणी गुलाम ९ ५. चौकट: एक्का ७ ३. किलवर: राजा ६. सतरा पॉइंट. बदामचा राजा उतरलात की त्यांचा एक्का बाहेर निघतो आणि मागचे चार बदाम बहुधा तुमचे होतात. हे चार, दोन एक्के, झाले सहा. किलवरचा एक्का उघडणाऱ्याकडे असेल तर तुम्ही त्याच्या मागे बसला आहात, राजाचाही हात होतो. नाहीतर भिडूने कुठेतरी एक हात द्यावा, एवढीच अपेक्षा. यावर दोन्ही प्रकारच्या नो ट्रम्पवर डबल.

दुसरा. इस्पिक: एक्का राणी ६ ३. बदाम: राजा गुलाम ५. चौकट: एक्का १० ४ २. किलवर: राजा ७. हेही सतराच. पण उतरायचं काय? ज्या रंगाला हात घालाल त्यात काहीतरी देऊन बसाल. पहिल्या उतारीला एक हात गेला, मग पुन्हा हातात आल्यावर पुन्हा तोच प्रश्न. भिडूकडे साडेतीन पॉइंट, म्हणजे त्याच्या हातात डाव जाऊन तो तुमच्यासाठी परत काही उतरेल ही आशाही नको. रावेरकडच्या मळ्यात केळीचे घड तयार आणि न्यायला गाडी नाही, तशी ही पानं. १५-१७ वर इथे पास. होय, सतरा पॉइंटवर पास. १२-१४ वर मात्र डबलच, कारण तिथे भिडूकडे काहीतरी आहे.

तिसरा. इस्पिक: ७. बदाम: एक्का ४. चौकट: एक्का राजा राणी गुलाम ९ ५ ३. किलवर: १० ६ २. फक्त चौदा पॉइंट. पण चौकटचे सात आणि बदामचा एक्का असे आठ हात तुमच्या खिशात आहेत. उघडणाऱ्याने वीस दाखवले असते तरी फरक पडत नव्हता. डबल द्या. इथे एक चलाख पर्यायही आहे. ते व्हल्नरेबल (त्या डावात ज्यांचे दंड आणि बोनस वाढीव असतात अशी बाजू) असतील तर गप्प पास देऊन डबलशिवायच दोन डाऊन (दोन हात कमी) पाडायचं, २०० घ्यायचे. डबल दिलात तर ५००, पण डबल ऐकून ते पळाले आणि इस्पिकमध्ये बसले तर हातात काय राहील सांगता येत नाही. पेअर्समध्ये (जिथे तीच पानं खेळणाऱ्या इतर जोड्यांशी तुलना होते) मी कधी कधी पासच देतो. टीमच्या सामन्यात डबल.

तर १५-१७ वर डबलची कसोटी दोन गोष्टींची: उतारीला एक दमदार रंग, आणि तो रंग उघडा झाल्यावर परत हातात यायला बाहेरचे एक्के-राजे. दोन्ही असतील तर सोळावरही डबल चालतो.

डबलची किंमत

आकडे तोंडपाठ असावेत, कारण निर्णय त्यांच्यावरच फिरतो. डबल दिलेलं एक नो ट्रम्प झालं तर त्यांना १८०, मग ते व्हल्नरेबल असोत वा नसोत. वरचा प्रत्येक हात १०० किंवा व्हल्नरेबल असतील तर २००. पाडलंत तर नॉन-व्हलमध्ये १००, ३००, ५००; व्हलमध्ये २००, ५००, ८००. हा व्हल्नरेबलचा प्रकार हॅरॉल्ड वँडरबिल्ट यांनी १९२५ मध्ये कॉन्ट्रॅक्ट ब्रिजचे गुण ठरवताना आणला, आणि तेव्हापासून डबल देणाऱ्याचं निम्मं डोकं त्यातच अडकलेलं असतं.

पेअर्समध्ये २०० हा आकडा सोन्याचा. ते व्हल्नरेबल असताना एक डाऊन पाडलंत की २००, आणि तुमच्या बाजूचा साधा पार्ट-स्कोअर (गेमच्या खालची बोली) ११० किंवा १४० चा. दुसऱ्या टेबलांवर कुणी दोन इस्पिक करून बसलं असेल, ते सगळे मागे पडले. ते नॉन-व्हल असतील तर एक डाऊनचे १०० मिळतात आणि ११० वाले पुढे जातात. म्हणून ते व्हल असतील तर डबलकडे झुका, नॉन-व्हल असतील तर आपल्या रंगाकडे थोडं जास्त बघा. आणि तुमचाच गेम असेल, तोही तुम्ही व्हल असताना ६२० चा, तर नॉन-व्हलच्या ५०० वर खूश होऊन घरी जाऊ नका.

चौथी पायरी: डबलनंतर खरा डाव सुरू होतो

इथे जोड्या गळपटतात. डबल देणारा देतो, आणि पुढे काय हे दोघांनी कधी बोललेलंच नसतं.

आधी भिडूचं काम. भिडूने डबल दिला, डावीकडच्याने पास दिला, आता तुमच्याकडे काय हवं? जवळजवळ काहीच नको. सपाट चार-तीन-तीन-तीन आणि दोन पॉइंट असले तरी पास. पळून जाणार कुठे? दोनच्या बोलीत चार पानांच्या रंगावर तुम्ही आणखी वाईट पडाल. सात-आठ पॉइंट असतील तर आनंदाने पास. पळायचं फक्त तेव्हा, जेव्हा पानं दुबळी आहेत आणि रंग लांब आहे: इस्पिकची ९ ८ ७ ५ ३ २ आणि बाहेर एखादा गुलाम. तेव्हा दोन इस्पिक. भिडूने हे ऐकून नाराज व्हायचं नाही. त्याचा अर्थ ‘माझ्याकडे काही नाही’ एवढाच.

आता ते पळतात तेव्हा. वीक नो ट्रम्प खेळणाऱ्या जोड्यांची पळण्याची पद्धत ठरलेली असते. काहींचा पास उघडणाऱ्याला रिडबल (डबलवर उलटा डबल) करायला लावतो, काहींचा रिडबल दोन किलवर म्हणायला लावतो, काहींचा रिडबल म्हणजे खरंच ‘आमच्याकडे जोर आहे, बसा’. प्रत्येक वेळी विचारा. रिडबल केलेलं एक नो ट्रम्प झालं तर नॉन-व्हलमध्ये ५६० आणि व्हलमध्ये ७६० जातात, तेव्हा हा प्रश्न न विचारणं परवडत नाही. रिडबल खरा असेल तर भिडूचा पास म्हणजे ‘माझ्याकडे नाव घेण्यासारखा रंग नाही, तू बघ’ असं ठरवून ठेवा.

पळाल्यावरचा नियम मी नवीन भिडूबरोबर खेळायच्या आधी चहाच्या टेबलावरच ठरवतो, आणि तो असा. १२-१४ वर डबल दिला असेल आणि ते दोन किलवर किंवा दोन चौकटमध्ये पळाले, तर त्यांना डबलशिवाय तिथे खेळू द्यायचं नाही. भिडूकडे त्या रंगाची चार पानं असतील तर त्याने डबल द्यावा, तो शिक्षेचा. नसतील तर पास, आणि तो पास फोर्सिंग: डबल देणाऱ्याने काहीतरी केलंच पाहिजे. दोन बदाम आणि दोन इस्पिकवर हे बंधन नाही. १५-१७ वर डबल दिला असेल तर कोणत्याच रंगात बंधन नाही, कारण तिथे भिडूकडे पुरेसे पॉइंट असतीलच असं नाही. भिडूचा पहिला डबल टेकआऊट (‘तुझा रंग सांग’ असा) धरणारे चांगले खेळाडूही पुष्कळ आहेत. माझं मत विचाराल तर सुरुवातीला शिक्षेचा सोपा. विसरायला कमी जागा.

याचं फळ बघायचं तर पहिला नमुना पुन्हा घ्या. तुमचा डबल, डावीकडचा दोन किलवरमध्ये पळाला. भिडूकडे इस्पिक राजा ८ ३, बदाम ४ २, चौकट ९ ६ ५ २, किलवर राणी १० ८ ५. फक्त पाच पॉइंट. ज्याला नियम माहीत नाही तो पास देईल, तुम्ही दोन बदाम म्हणाल, होतीलही, ११०. ज्याला माहीत आहे तो डबल देतो. तुमच्या दोघांकडे मिळून २२ पॉइंट, किलवरचे राजा-राणी आणि सहा पानं. ते सात ट्रम्प आणि मोजक्या पॉइंटांवर आठ हात कुठून आणणार? दोन डाऊन झाले तरी ३०० किंवा ५००.

डबल सोडून बोली कधी

पानं दोन रंगांत तुटलेली असतील तर पॉइंट कितीही असोत, मी डबल टाळतो. इस्पिक: एक्का राजा १० ८ ५. बदाम: राजा राणी गुलाम ९ ४. चौकट: एक्का ३. किलवर: ५. सतरा पॉइंट आहेत, पण डबल दिलात तर ते तीन किलवरपर्यंत चढतील आणि तुम्ही दोनातला एकही मेजर (इस्पिक किंवा बदाम) दाखवलेला नसेल. भिडूकडे तीन बदाम आणि इस्पिकची राणी असेल तर चार बदाम खेळण्यासारखे आहेत, पण ते त्याला कळणार कसं?

यासाठी लँडी घ्या: एक नो ट्रम्पवर दोन किलवर म्हणजे दोन्ही मेजर. भिडू दोन बदाम म्हणतो, तुम्ही तीन बदाम म्हणून जोर दाखवता, किंवा चिंगळ्या पानांच्या भिडूवरही धाडस करून चार. अमेरिकेचे अल्विन लँडी यांच्या नावाची ही पद्धत जुनी आहे आणि अजून टिकून आहे. तिच्यात भर घालून मल्टी-लँडी झाली: दोन किलवर दोन्ही मेजर, दोन चौकट एकच लांब मेजर, दोन बदाम किंवा दोन इस्पिक म्हणजे तो मेजर आणि एक मायनर (किलवर किंवा चौकट). कॅपेलेटीत दोन किलवर एकच रंग, दोन चौकट दोन्ही मेजर.

मार्टी बर्गन यांच्या ‘डोंट’ पद्धतीबद्दल सावध करतो. तीत डबलच एकरंगी पानं दाखवायला वापरतात, म्हणजे शिक्षेचा डबल हातातून जातो. १५-१७ वर ती चालते, कारण दुसऱ्या पायरीतल्या हिशेबाप्रमाणे तिथे शिक्षेचा डबल क्वचितच लागतो. १२-१४ वर ती खेळू नका. भिडूशी ठरवताना एवढंच लिहून ठेवा: वीकवर डबल कायम शिक्षेचा, बाकी काय हवं ते.

सहा पानांचा एकच मेजर आणि सोळा पॉइंट असतील तर रंगाची घडण बघा. राजा गुलाम ९ ८ ६ ४ वर नो ट्रम्पविरुद्ध उतारी महागात पडते. सरळ रंग दाखवा. एक्का राजा राणी १० ५ ३ असेल तर डबल.

चौथ्या जागेवर

डावीकडच्याने नो ट्रम्प म्हटलं, दोन पास आले आणि तुम्ही बोलायचं. आता दोन गोष्टी उलट्या झाल्या. उतारी भिडूची, आणि उघडणारा तुमच्या मागे. तुमची एक्का-राणी आता त्याच्या राजापुढे पडते. म्हणून तोच डबल इथे थोडा हलका पडतो. तिसऱ्या नमुन्यातली चौकटची रांग तर भिडू उतरलाच नाही तर वायाच. वीकवर चौथ्या जागेवरून पंधरा पॉइंटांवर डबल ठीक. स्ट्राँगवर मी लांब रंग असेल तर तो दाखवतो, नाहीतर पास.

डावीकडच्याचं नो ट्रम्प आणि उजवीकडच्याने दोन किलवर म्हणजे स्टेमन, किंवा दोन चौकट म्हणजे बदामची ट्रान्सफर केली, तर? १५-१७ वर त्या बोलीला डबल म्हणजे ‘हाच रंग उतर’, म्हणजे किलवर किंवा चौकट. १२-१४ वर तोच डबल जोरदार पानांचा, पंधरा आणि वर. बदामच्या ट्रान्सफरवर तुम्ही दोन बदाम म्हणालात तर तो टेकआऊट. आणि एक सोपी युक्ती: ट्रान्सफरवर घाई नको. उघडणारा जवळजवळ हमखास दोन बदाम म्हणणारच आहे. पास द्या, डाव परत तुमच्याकडे येऊ द्या, उजवीकडच्याने पास दिला तर मग डबल, टेकआऊटचा. तो जोराने पुढे गेला तर तुम्ही न बोलता वाचलात.

एक नो ट्रम्प, तीन नो ट्रम्प, आणि उतारी भिडूची असताना तुमच्याकडे चौथ्या जागेवर बदामची एक्का राजा राणी गुलाम १०: डबल द्या. कोणत्याच रंगाचं नाव आलेलं नाही, मग भिडूने शोधायचं कसं? त्याचा सर्वात तोकडा मेजर उतरायचा, असं ठरवून ठेवलं तर बहुतेक वेळा सापडतं.

घरी सराव

एप्रिल-मेच्या दुपारी जळगावात पारा ४५ च्या आसपास असतो, कूलरसमोरून उठवत नाही. पत्त्यांना अजून ‘जुगार’ म्हणणारे घरात असतील तर जकार्ताच्या २०१८ च्या आशियाई स्पर्धेत प्रणव वर्धन आणि शिवनाथ सरकार या भारतीय जोडीने याच खेळात सुवर्णपदक आणलं, हे सांगा आणि पत्त्यांचा जोड काढून बसा. वरच्या तीन नमुन्यांपैकी एक स्वतःकडे ठेवा. उजवीकडे स्वतः निवडून १५-१७ चा सपाट नो ट्रम्प ठेवा. उरलेली २६ पानं पिसून भिडू आणि डावीकडच्याला वाटा. डबल देऊन डाव उघड्या पानांनी खेळून बघा, गुण लिहा. मग तीच २६ पानं पुन्हा पिसा. असे दहा डाव झाले की उजवीकडचा नो ट्रम्प बदलून १२-१४ करा, आणि त्याच पानांवर पुन्हा दहा. दुसऱ्या नमुन्याचे दोन्ही तक्ते शेजारी ठेवून भिडूला दाखवा, आणि तो सतरावर पास देण्याला कबूल झाला की मगच त्याच्याबरोबर पुढच्या टूर्नामेंटचं तिकीट काढा.